आठवतं सगळं, सुचत नाही

नमस्कार डॉक्टर,

चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी घरची केळी आहे, थोडा कापूस आहे. हे पत्र सासूबाईंबद्दल लिहिते आहे. त्या ६९ वर्षांच्या आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे खापरावरच्या पुरणपोळ्या होतात आणि सगळ्या गल्लीत त्या आईंच्याच हातच्या. यंदा त्यांनी सकाळी चूल पेटवली, खापर तापत ठेवलं आणि मग हरभऱ्याची डाळ काढून निवडायला बसल्या. खापर तापून लाल व्हायची वेळ आली तरी त्या निवडतच होत्या. मी ओरडले, "आई, अजून डाळच शिजली नाही, पुरण कधी होणार?" तर माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "माले काहीच सुचत नही." आणि रडायला लागल्या.

वर्षभरात असं बरंच झालं. दिवसभर ओट्यावर बसून असतात. काही विचारलं तर उत्तर येतं, पण इतक्या वेळाने की तोवर मी दुसऱ्या कामाला लागलेली असते. पाय घासत चालतात, दोनदा पडल्या. लघवीची घाई होते, कधी मोरीपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून पाणीच पीत नाहीत. मालिका बघता बघता हुंदके देतात. पण गौराईची गाणी सगळी पाठ आहेत, कुणाच्या लग्नात कुणी काय आहेर केला तेही.

बीपीची गोळी त्यांनी दीड वर्षापूर्वी सोडली, कारण बीपी नॉर्मल आलं होतं. शुगरची चालू आहे. चकरेची गोळी वर्षभर चालू आहे, झोपेची अधूनमधून. मिश्री लहानपणापासून. दुसऱ्यांदा पडल्यावर जळगावला नेलं, तेव्हा बीपी १७२/९४ भरलं. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये "क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फॅझेकास ग्रेड २, जुने लॅक्युनर इन्फार्क्ट" असं लिहिलं आहे. तिथे सांगितलं, वयानुसार आहे, काळजी करू नका. नाशिकचे दीर म्हणतात हा अल्झायमर. सुरतेच्या नणंदबाई म्हणतात, तू तिच्या हातातलं सगळं काढून घेतलंस म्हणून ती अशी झाली. आणि हे म्हणतात, आईला आता कंटाळा आलाय कामाचा. नेमकं काय आहे? कोणी सांगतं की नसा मोकळ्या करणारी इंजेक्शनं मिळतात, ती द्यावी का? आणि श्रावणात कानबाईचे, आमच्या खानदेशातल्या देवीचे, रोट आहेत. ते करायला आईंना बसवू की नको?

एक सून

ताई,

तुमच्या पत्रातला सगळ्यात नेमका रिपोर्ट आईंनी स्वतःच दिला आहे. "माले काहीच सुचत नही." त्या "आठवत नही" असं म्हणाल्या नाहीत. माझं माहेर अमळनेरकडचं, त्यामुळे हे वाक्य मला कानात ऐकू आलं, आणि डॉक्टर म्हणून ते वाचताना मी थांबले. आठवणं वेगळं आणि सुचणं वेगळं. डाळ, पुरण, खापर, चूल हे सगळं त्यांच्या डोक्यात शाबूत आहे. कशाच्या मागून काय, आणि आत्ता काय, हे लावून देणारा जो आतला मुकादम असतो त्याची गडबड झाली आहे. पुढचं सगळं उत्तर या एका फरकावर उभं आहे.

घरी केळीला ठिबक असेलच, म्हणून त्याच भाषेत सांगते. हे तुमच्या ह्यांनाही वाचून दाखवा, त्यांना चटकन कळेल. विहिरीवरून मेन लाइन निघते, तिला सबमेन, सबमेनला त्या काळ्या लॅटरल, आणि लॅटरलवर ड्रिपर. मेन लाइन फुटली की सगळ्या शिवाराला कळतं. ज्याला आपण लकवा मारला म्हणतो, त्यातला मोठा झटका हा बहुतेक वेळा मेन लाइनचा किंवा सबमेनचा असतो. पण पाणी क्षाराचं असलं तर दुसरंच काही होत राहतं. पंप चालू, गेज ठीक, मेन लाइनला पाणी, आणि एकेक ड्रिपर मात्र गुपचूप बसत चाललेला. कळतं कधी? लॅटरलच्या टोकाची झाडं मलूल दिसायला लागतात तेव्हा.

मेंदूचं वजन शरीराच्या साधारण २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. हे रक्त खोलवर पोहोचवतात त्या नळ्या केसाइतक्या किंवा त्याच्या काही पट जाड. त्यातल्या बऱ्याचशा मोठ्या धमनीतून थेट फुटतात, म्हणून मोठ्या नळीचा दाब त्यांना सरळ अंगावर झेलावा लागतो. वर्षानुवर्षं बीपी चढं राहिलं, सोबत शुगर आणि तंबाखू असली, की त्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, आतली जागा अरुंद होते, कुठे भिंत पाझरते. हाच मेंदूच्या लहान नळ्यांचा आजार, रिपोर्टमधलं "स्मॉल व्हेसल" म्हणजे याच नळ्या. एखादी पूर्ण बंद पडली तर मेंदूत ३ ते १५ मिलिमीटरचा छोटा खड्डा उरतो. तुमच्या रिपोर्टमधलं "लॅक्युनर इन्फार्क्ट" ते हेच. म्हणजे आईंना आधी कधीतरी लहानसा झटका येऊन गेला आहे आणि तो कुणाला कळलाही नाही. असे न कळलेले झटके अजिबात दुर्मीळ नाहीत.

आणि रिपोर्टमधले "इस्केमिक चेंजेस", म्हणजे एमआरआयवरचे पांढरे डाग? मेंदूच्या वरच्या करड्या थराखाली तारांचं जाळं आहे. पुढचा मेंदू आणि आतला मेंदू त्या तारांनी एकमेकांशी बोलतात. रक्ताच्या दृष्टीने ही तारांची जागा म्हणजे लॅटरलचं टोक. पाणी कमी पडलं की पहिली झळ तिथे. तारा झिजतात आणि एमआरआयच्या एका विशिष्ट चित्रात तो भाग पांढरा उमटतो. फॅझेकास हे एका डॉक्टरांचं नाव, त्यांनी १९८७ साली सहकाऱ्यांसोबत हे डाग मोजायची ० ते ३ अशी पट्टी दिली. १ म्हणजे सुटे ठिपके, २ म्हणजे ठिपके एकमेकांना जोडू लागलेले, ३ म्हणजे मोठे सलग पट्टे. आईंचा २.

आता तुम्ही लिहिलेली लक्षणं यावर ठेवून बघा. उत्तर येतं पण उशिरा येतं: तार झिजली की निरोप हळू जातो. कामांचा क्रम चुकतो. स्वतःहून उठून काही करावंसं वाटत नाही. पाय जमिनीला चिकटल्यासारखे घासत जातात, लघवीचा ताबा ढिला होतो, रडू आवरत नाही. हे सगळं एकाच तारांच्या जाळ्याचं दुखणं आहे. ओट्यावर बसून राहणं यालाही नाव आहे, उदासीनता म्हणा हवं तर, पण ती स्वभावातून आलेली नाही. आळशी माणसाला काम टाळायचं असतं. आईंना काम सुरूच करता येत नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, इथेच घरोघरी चूक होते. पूर्वी याला "म्हातारचळ" म्हणून मोकळे व्हायचे. जर्मनीत बिन्सवांगर नावाच्या डॉक्टरांनी १८९४ मध्येच मेंदूतल्या या तारांच्या झिजेबद्दल लिहून ठेवलं होतं, पण जिवंत माणसात ती बघता आली ती स्कॅनची यंत्रं आल्यावर.

दिरांच्या मुद्द्याकडे येते. अल्झायमर नाहीच, असं मी पत्रावरून म्हणणार नाही. उतारवयात दोन्ही एकत्र असणं खूप सामान्य आहे. पण एक साधी गोष्ट करून बघा. "काल कोण आलं होतं?" असं विचारा. उत्तर आलं नाही तर थोडा धागा द्या: "सुरतेहून कुणी आलं होतं का?" यावर आई "हो, ताई ऊनी होती ना, साडी आणली तिनी" असं म्हणाल्या, तर आठवण आत जमा झालेली आहे, फक्त बाहेर काढताना अडते. लहान नळ्यांच्या आजारात बहुधा असं दिसतं. अल्झायमरमध्ये बहुतेकदा धागा देऊनही हाती काही लागत नाही, कारण कालची गोष्ट मुळात नोंदलीच गेलेली नसते. ही परीक्षा नव्हे, तिच्यावर निदान ठरवू नका, आणि रोज तर मुळीच घेऊ नका. घरच्या माणसाला सतत प्रश्न विचारून तपासणं हा छळ आहे.

"वयानुसार आहे" हे अर्धं खरं. साठीपुढच्या बहुतेकांच्या स्कॅनमध्ये थोडे तरी डाग दिसतात, आणि डाग असूनही पुष्कळ लोक ठणठणीत हिशेब सांभाळतात. म्हणून नुसता रिपोर्ट वाचून कुणी घाबरू नये. पण इथे नुसता रिपोर्ट नाही. लक्षणं आहेत, पडणं आहे, जुना झटका आहे आणि १७२ बीपी आहे. त्यावर "वयानुसार" म्हणून घरी पाठवणं मला पटलेलं नाही. वय कमी करता येत नाही, बीपी करता येतं.

तेव्हा आता बीपीबद्दल, आणि इथे मी रेंगाळणार आहे.

गोळी घेतल्यावर बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी सोडली, ही खानदेशातलीच नव्हे तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक ओपीडीतली रोजची कहाणी. ठिबकचं प्रेशर जास्त होतं म्हणून तुम्ही बायपास व्हॉल्व्ह थोडा उघडला. गेज जागेवर आलं. मग "आता प्रेशर बरोबर आहे" म्हणून कुणी बायपास पुन्हा बंद करेल का? दीड वर्ष आईंच्या त्या बारीक नळ्यांवर पूर्ण प्रेशर होतं.

अमेरिकेत नऊ हजारांवर लोकांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे मेंदूविषयीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. वरचं बीपी १४० च्या खाली ठेवलेला एक गट, १२० च्या खाली ठेवलेला दुसरा. दुसऱ्या गटात सौम्य स्मृतिदोष-बुद्धिदोषाचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी निघालं आणि पांढरे डागही कमी वेगाने वाढले. पूर्ण डिमेन्शियातला, म्हणजे रोजचं जगणं अडेल इतक्या बुद्धी-स्मृतीच्या ऱ्हासातला, फरक मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही. शिवाय त्या चाचणीत मधुमेही आणि आधी झटका आलेले लोक घेतलेच नव्हते, म्हणजे आईंसारख्या बाईला ते आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत. मला जास्त जवळची वाटते ती चीनमधली चाचणी, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेली. ३२६ खेडी, जवळपास ३४ हजार माणसं, आणि बीपी सांभाळणारे कोण, तर गावातलेच साधे डॉक्टर. ४ वर्षांत जिथे बीपी नेटाने खाली ठेवलं तिथे डिमेन्शिया १५ टक्क्यांनी कमी झाला. मोठं हॉस्पिटल लागलं नाही, भारी औषध लागलं नाही. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या मोफत मिळतात.

पण घाई करू नका. १७२ वरून एका आठवड्यात १२० वर आणायचं नाही. अरुंद झालेल्या नळ्यांना जरा दाब लागतो. प्रेशर एकदम पाडलं तर टोकाच्या झाडांना पाणीच जाणार नाही, चक्कर येईल, त्या पुन्हा पडतील. काही आठवड्यांत, पायरी पायरीने, डॉक्टर ठरवतील त्या आकड्यापर्यंत. बहुतेक डॉक्टर, सोसत असेल तर, १३०/८० च्या आसपास किंवा खाली आणायला बघतात.

घरात एक मशीन घ्या, दंडावर बांधायचं. मनगटाचं नको. आईंना पाठ टेकून खुर्चीत बसवा, पाय जमिनीला टेकलेले, हात छातीच्या उंचीवर टेबलावर. पाच मिनिटं गप्प. मालिका बंद, तुम्हीही बोलू नका. मग एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस, आणि आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहा. घरी सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली तर ते वाढलेलंच समजतात. एक-दोनदा उभं राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनीही मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त घसरला तर डॉक्टरांना आधी ते सांगा, कारण मग गोळीची निवड बदलते. आणि कधी २०० दिसलं म्हणून जिभेखाली गोळी फोडून ठेवायचा जुना प्रकार कृपा करून करू नका.

आता ती औषधांची पिशवी. तुम्ही "चकरेची गोळी वर्षभर" असं सहज लिहिलंत, आणि मला मात्र तिथे शंका आली. चकरेसाठी आपल्याकडे सर्रास देतात त्या सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन या गोळ्या थोडे दिवस ठीक असतात. म्हाताऱ्या माणसाला महिनोन् महिने दिल्या तर पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात: चाल मंदावते, पाय घासतात, चेहरा कोरा होतो, मन उदास. म्हणजे आईंच्या चालीतला काही भाग कदाचित गोळीचा असेल, आणि तो गोळी थांबवल्यावर हळूहळू, कधी काही महिन्यांनी, सुटू शकतो. पाकीट उलटं करून नाव वाचा आणि डॉक्टरांना दाखवा. सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, लघवीची घाई थांबवणाऱ्या काही गोळ्या यांनीही म्हाताऱ्यांचा मेंदू गढुळतो. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणून खाल्लेली वेदनाशामकं बीपी चढवतात आणि किडनीला त्रास देतात. शुगरची गोळी मेटफॉर्मिन असेल तर बी-१२ कमी झालेलं असू शकतं, आणि बी-१२ ची कमतरता चाल, आठवण, मन तिन्ही बिघडवते. ते तपासा, सोबत थायरॉइड, सोडियम, क्रिएटिनिन, तीन महिन्यांची शुगर आणि ईसीजी. आणखी एक विचारून घ्या: चाल, लघवी आणि बुद्धी अशी तिन्ही एकत्र बिघडतात तेव्हा मेंदूत पाणी साठल्याची शक्यताही बघावी लागते, आणि पडलेल्या माणसात कवटीखाली रक्त साकळल्याची. एमआरआयमध्ये दोन्ही दिसतं. "ते नाही ना?" एवढं स्पष्ट विचारा.

कान आणि डोळे हे कुणी तपासतच नाही. उत्तर उशिरा येण्यात थोडा वाटा बहिरेपणाचाही असू शकतो. २०२४ च्या लॅन्सेट आयोगाने डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मोजली आणि ती सगळी दूर झाली तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो असा अंदाज दिला. त्यात कमी ऐकू येणं आहे, कमी दिसणंही आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन मेंदूचं औषध असू शकतं, हे ऐकून माझ्याच एका मामांनी मला वेड्यात काढलं होतं.

इंजेक्शनांबद्दल: देऊ नका. ठिबकला ॲसिड सोडून ड्रिपर मोकळे करता येतात, मेंदूच्या नळ्यांना तसं काही करता येत नाही. झिजलेली तार परत आणणारं इंजेक्शन, सलाइन किंवा "मेंदूचं टॉनिक" आज तरी नाही. त्या पैशांत बीपीचं मशीन, बाथरूममध्ये धरायच्या दोन दांड्या आणि रात्रीचा दिवा असं तिन्ही येतं. ॲस्पिरिनही स्वतःहून सुरू करू नका. जुना झटका दिसतो म्हणून ती द्यायची का, हे डॉक्टर ठरवतील, आणि दिली तर बहुतेकदा एकच. अशा लहान झटक्यांनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या दीर्घकाळ एकत्र दिल्या तेव्हा नवे झटके कमी झाले नाहीत, रक्तस्राव मात्र वाढला. हे २०१२ मध्येच दिसलं आहे.

मिश्रीचं काय करायचं ते तुम्हाला माहीतच आहे. फक्त डबी लपवून ठेवू नका. सात वर्षांच्या पोरीने आजीजवळ बसून भाजलेली तंबाखू दाताला लावायला शिकलेली असते, साठ वर्षांची सवय डबी लपवून जात नाही. चार वेळांच्या तीन करा, मग दोन. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडवण्यासाठीची सरकारी मोफत हेल्पलाइन आहे.

आणि मीठ. शेवभाजी, ठेचा, भरीत यातल्या तिखटाला लोक उगाच घाबरतात. तिखटाने बीपी वाढत नाही. वाढतं ते पापड, लोणचं, कुरडई, बिबडे आणि शेव यांतल्या मिठाने. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, ही मर्यादा. कळण्याची भाकरी, भरीत, मेथी, डाळ आईंना हवी तेवढी द्या. पापड सणाला. बाजारातलं "बीपीचं मीठ" मात्र विचारल्याशिवाय आणू नका, त्यात पोटॅशियम असतं आणि काही बीपीच्या गोळ्यांबरोबर ते रक्तात वाढून बसतं.

पाण्याचं सांगते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो आणि अशा उन्हात लघवीच्या भीतीने पाणी तोडलेली बाई दुपारी गोंधळणारच, बीपीही घसरणार, बद्धकोष्ठ होणार, लघवीत जंतू होणार आणि मग घाई आणखी वाढणार. उलट करा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत थोडं थोडं पाणी, ताक बिनमिठाचं, आणि दिवेलागणीनंतर कमी. घाई होईपर्यंत थांबायचंच नाही. दर दोन-अडीच तासांनी, घड्याळ बघून, "आई, चला जाऊन येऊ." विचारायचं नाही, सोबत उठायचं. विचारलं तर त्या "नको" म्हणतील, कारण उठायचं सुचणं हेच तर अडलं आहे. घरातला उंबरा, गुळगुळीत शहाबादी फरशी, सैल सपाता या तिघांनी आईंना आणखी पाडू नये म्हणून मागून पट्टा असलेली चप्पल आणा. रोज उन्ह उतरल्यावर बांधापर्यंत किंवा मंदिरापर्यंत कुणीतरी हात धरून चालवा. कधी पाय अडला तर ओढू नका, "एक, दोन" म्हणून ताल द्या. गौराईचं गाणं म्हणत चालवलंत तर आणखी बरं, तालावर पाय सुटतो.

एक गोष्ट मात्र सगळ्या घराने पाठ करा. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळलं, यातलं काहीही अचानक झालं तर १०८ लावा आणि सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलला जा. अशा झटक्यात रक्ताची गाठ विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ साडेचार तासांची, आणि चोपड्याहून जळगावला जाण्यातच त्यातला एक तुकडा जातो. वाटेत कुठे सलाइन लावत थांबू नका. ॲस्पिरिनही देऊ नका, आत रक्तस्राव असला तर ती उलटते.

डॉक्टरांकडे पुन्हा जाल तेव्हा खापराची गोष्ट त्यांना जशी मला लिहिलीत तशीच सांगा. तिथे आईंना घड्याळ काढायला, शंभरातून सात सात वजा करायला सांगतील. आई चौथी शिकल्या असतील तर या परीक्षांत त्या मेंदू ठीक असतानाही अडखळल्या असत्या. पन्नास वर्षं बिनचूक केलेल्या कामाचा क्रम यंदा उलटला, याइतका भक्कम पुरावा दुसरा नाही, आणि तो फक्त तुमच्याकडे आहे.

आता नणंदबाई. त्यांच्याशी भांडू नका, त्या वर्षातून दोनदा येतात आणि प्रत्येक वेळी त्यांना आई आधीपेक्षा कमी सापडते. ते दुःख कुणावर तरी टाकायचं असतं, आणि आपल्याकडे त्यासाठी सून घरातच उपलब्ध असते. (हा आजार कुठल्याही एमआरआयमध्ये दिसत नाही.) त्यांना रिपोर्टचा फोटो पाठवा, सोबत या उत्तरातला ठिबकचा भाग. आणि एक काम द्या: रोज रात्री आठला फोन करून आईंशी पंधरा मिनिटं जुन्या गोष्टी बोलायच्या, आणि दर रविवारी तुमच्याकडून आठवड्याचं बीपी विचारून घ्यायचं. दोष देणाऱ्याच्या हातात काम दिलं की सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे. त्यांच्या म्हणण्यात एक कण खराही आहे. तुम्ही आईंच्या हातून काही काढून घेतलंत म्हणून आजार झाला नाही, पण आता भीतीने सगळंच काढून घेतलंत तर उरलेलंही लवकर जाईल.

आणि तुम्ही ओरडलात, ते मनाला लावून घेतलेलं दिसतंय, नाहीतर पत्रात लिहिलं नसतं. लाल खापरासमोर कुणीही ओरडलं असतं. यापुढे एवढंच करा: एका वेळी एकच गोष्ट सांगा, आणि सांगून झाल्यावर मनात दहा आकडे मोजा. बहुतेक वेळा सातव्या-आठव्याला उत्तर येईल. ते येतंय हे कळलं की तुमचाही जीव शांत होतो. देशात साठीपुढच्या दर शंभरांत सातांहून जास्त लोकांना डिमेन्शिया आहे, पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. म्हणजे तुमच्या गल्लीत आणखी एखाद्या ओट्यावर कुणीतरी अशीच बसलेली असणार. तिच्या सुनेशी बोला. आठवड्यातून एक दुपार तुमच्या ह्यांनी आईंजवळ बसायचं आणि तुम्ही घराबाहेर पडायचं, हेही ठरवून टाका. ते सल्ल्यातच धरा.

पुढे काय होईल, हे तुम्ही विचारलं नाहीत पण मनात असेल. काही जणांत हे वर्षानुवर्षं आहे तिथे थांबतं, काही जणांत हळूहळू उतरतं, कधी एखाद्या नव्या झटक्याने एकदम पायरी खाली जाते. गेलेलं सगळं परत येणार नाही. पण बीपी ताब्यात, चकरेची गोळी बंद, बी-१२ भरून काढलेलं आणि पाणी पोटात, एवढ्यावर तीन-चार महिन्यांत ओट्यावरची बाई थोडी जास्त बोलायला लागलेली मी पाहिली आहे.

तर कानबाईचे रोट. बसवा. नक्की बसवा. फक्त क्रम तुम्ही धरा, हात त्यांचे असू द्या. गहू मोजणं, दळण, पुरण शिजवणं, कशानंतर काय, हे सगळं तुमच्याकडे, आणि एकेक वस्तू तयार झाली की त्यांच्या पुढ्यात आणून ठेवायची: "आई, हे मळून द्या." ते झालं की पुढचं. आयुष्यभर घोटलेलं हातांचं काम बराच काळ टिकतं, परातीत हात गेला की तो आपोआप चालायला लागतो. चुलीजवळ मात्र त्यांना एकटं सोडायचं नाही, आणि पदर खोचलेला असू द्या. आदल्या रात्री झोप नीट होऊ द्या, सकाळची बीपीची गोळी उपासाच्या नावाखाली चुकवायची नाही. पाहुण्यांच्या गर्दीत त्या गप्प झाल्या तर आतल्या खोलीत अर्धा तास टेकवा. रात्री गाण्यांना मात्र त्यांना मधोमध बसवा, आणि पहिली ओळ तुम्ही उचला.